ताटात काय, पोटात किती

गाव भंडारा जिल्ह्याच्या लाखनी तालुक्यातलं कुठलंही धरा. रस्त्याच्या अलीकडे जिल्हा परिषदेची शाळा, तिच्याच आवारात अंगणवाडीची खोली, पलीकडे किराणा दुकान. शाळेमागे बोडी, म्हणजे लहान तळं, आणि बोडीच्या पल्याड गर्भात आलेला धान. महिना सप्टेंबरचा, म्हणजे सरकारी पंचांगात पोषण माह. भिंतीवर रंगीत कागदाची गाजरं आणि भेदरं (टोमॅटो) चिकटवलेली. गुरुजी निवृत्त आहेत, माळकरी आहेत. चार वर्षांच्या नातवाला न्यायला रोज येतात आणि रोज वेळेच्या आधीच येतात. ताई वीसेक वर्षं इथे सेविका आहेत. लेकरांना खाऊ कसं घालावं, यावरून दोघांचं जुनं भांडण आहे आणि मला ते दोन्हीकडून पटतं, म्हणून लिहायला घेतलं. बोलणं झाडीबोलीतलं. वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी मी ते बरंचसं प्रमाण केलं आहे. ताईंचा ‘जी’ तेवढा ठेवला.

गुरुजी : आज पुन्हा याच्या ताटलीत खिचडी राहिली. तुम्ही पाहिलं नाही का?

ताई : पाहिलं जी. त्यानंच सांगितलं, पोट भरलं.

गुरुजी : चार वर्षांचं लेकरू सांगतं आणि तुम्ही ऐकता? आमच्या घरी वाढलेलं संपवल्याशिवाय पाटावरून उठता येत नव्हतं. अन्न टाकायचं नाही म्हणजे नाही.

ताई : टाकायचं नाहीच. म्हणून मी वाढतेच कमी. आधी एक पळी, मग लागलं तर मागून घ्यायचं. आज त्यानं दुसरी पळी मागितली आणि तीच उरली. तुम्ही घरी काय करता? ताटभर भात वाढता. तो संपत नाही. मग घास घेऊन अंगणभर मागे फिरता. तेही जमलं नाही की मोबाइल लावून देता.

गुरुजी : मोबाइल लावला की सगळं खातो.

ताई : खातो. पण काय खाल्लं, विचारा त्याला.

गुरुजी : पोटात तर गेलं!

ताई : गेलं. पण भूक कधी लागली होती आणि पोट कधी भरलं, हे त्याचं त्याला कळलंच नाही. ते ओळखायला तो शिकणार कधी? लग्न झाल्यावर?

गुरुजी थोडे हसले, पण हटले नाहीत. त्यांचा पुढचा मुद्दा नुसता हट्टाचा नव्हता.

गुरुजी : ताई, ही भरल्या पोटाची भाषा आहे. शहरातल्या डॉक्टरीणबाई बोलतात तशी. २०१९ ते २१ मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी झाली, त्यातला महाराष्ट्राचा आकडा सांगू? पाच वर्षांखालची शंभरातली ३६ लेकरं वयाच्या मानानं कमी वजनाची. ३५ उंचीनं खुरटलेली. रक्त कमी असलेली तर जवळजवळ ६९. ज्या राज्यात एवढी लेकरं सुकलेली आहेत तिथं ‘पोरगं म्हणेल तेवढंच’ हे तुम्हाला परवडतं कसं? माझ्या लहानपणी रोज पोटभर मिळेल याचीच खात्री नव्हती. मिळेल तेव्हा खाऊन घ्यायचं. तो नियम भुकेनं शिकवलेला आहे, वडलांच्या रागानं नाही.

ताई : ते मला कोणी सांगायला नको. दर महिन्याला वजन-उंची मीच घेते आणि मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये मीच भरते. दंडाला पट्टी लावली आणि साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल आली, तर त्या लेकराच्या हो-नाहीवर मी थांबत नाही. त्याची भूकच मेलेली असते. त्याला दवाखान्यात दाखवायचं, थोडं थोडं पण दिवसातून पाच-सहा वेळा द्यायचं, आईला सोबत घेऊन द्यायचं. त्याचं गणितच वेगळं. तुमचा नातू हिरव्या पट्टीतला आहे. त्याला भूक का लागत नाही ते सांगू?

गुरुजी : सांगा.

ताई : सकाळी उठल्यावर काय दिलं?

गुरुजी : चहा. त्यात दोन टोस्ट बुडवून.

ताई : आणि इथं येताना?

गुरुजी : रडत होता म्हणून पाकीट घेऊन दिलं. पाचवालं.

ताई : झालं की मग! चहानं भूक मारली, पाकिटानं जीभ बिघडवली, आणि मग मी मुगाची खिचडी समोर ठेवली. ती त्याला कशी लागेल?

या चहाबद्दल थोडं सांगायला हवं. आपल्याकडे दूध परवडत नाही म्हणून लेकराला चहा देतात आणि परवडतं त्या घरातही देतात, कारण मोठे पीत असताना ते कपाकडे बघतं. चहातली टॅनिनं जेवणातलं लोह शरीराला नीट घेऊ देत नाहीत. चहातली साखर आणि टोस्टातला मैदा मिळून सकाळची कोवळी भूक भागवतात. शंभरात ६९ लेकरांचं रक्त कमी आहे, याचं खापर एकट्या चहावर फोडता येणार नाही. जंत आहेत, आईच्याच अंगात रक्त कमी आहे, ताटात लोहच थोडं आहे. पण या सगळ्यांपैकी चहा ही एकच गोष्ट अशी आहे की ती बंद करायला पैसा लागत नाही, उलट वाचतो. तरी तिच्याबद्दल भिंतीवर एक कागद नव्हता. गाजरं मात्र सात होती, आणि गाजर या गावात कोणी पिकवत नाही.

गुरुजींनी चहाचा मुद्दा मान्य केला नाही, पण पुन्हा काढलाही नाही. ते भातावर आले.

गुरुजी : बरं, पाकीट वाईट. पण भात तर चांगला? आपला जिल्हाच धानाचा. भात-वरण खाऊनच सगळी मोठी झाली.

ताई : वरण कुठं असतं जी? वरणाचं पाणी असतं. आई म्हणते, लेकराला पचत नाही म्हणून वरचं पातळ देते. डाळ खाली बसते, ती बापाच्या ताटात जाते. आणि भात फुगतो. लेकराचं पोट त्याच्या मुठीहून थोडं मोठं. तेवढ्यात नुसता भात गेला की जागा संपली आणि अंगी काही लागलं नाही. मी बायांना एवढंच सांगते, पळी तळातून फिरवा. वर चमचाभर तेल सोडा. फल्लीदाणे अख्खे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून भातात कालवा.

गुरुजी : आणि तुम्ही देता तो तांदूळ? लोक म्हणतात त्यात प्लास्टिकचे दाणे असतात. आमच्या सूनबाई वेचून टाकतात.

ताई : तेच दाणे तर ठेवायचे! ते तांदळाच्या पिठाचेच केलेले असतात. त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेलं असतं. शंभर दाण्यांत एक, असा मिसळतात. धुताना तो तरंगतो, म्हणून लोकांना प्लास्टिक वाटतो. सांगून सांगून दमले मी. तुम्ही गुरुजी माणूस, तुम्ही सांगितलं असतं तर ऐकलं असतं.

इथे गुरुजींनी मला विचारलं, तुम्ही लिहिता-वाचता, तुमचं काय म्हणणं? मी त्यांना क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टरबाईंची गोष्ट सांगितली. ती गोष्ट बहुतेक लोक अर्धीच सांगतात.

१९२६ च्या सुमारास या बाईंनी नुकती दूध सोडणारी बाळं आपल्या देखरेखीखाली ठेवली. पुढे त्यांची संख्या पंधरा झाली. बाळांसमोर रोज वेगवेगळ्या वाट्या मांडायच्या. नर्सनं हातात चमचा धरून गप्प बसायचं. बाळानं बोट दाखवलं, हात घातला, तरच चमचा पुढे करायचा. कौतुक करायचं नाही आणि रागवायचंही नाही. पदार्थ एकूण ३४ ठरवलेले होते. कोणी एक दिवस अंडीच अंडी खाल्ली, कोणी केळ्यांमागे लागलं. रोजचं जेवण बघितलं तर नुसता गोंधळ. पण महिन्यांचा हिशेब मांडला तेव्हा सगळी बाळं धडधाकट निघाली. एक मूल आलं तेव्हाच मुडदूस झालेलं होतं. त्याच्यासमोर माशाच्या तेलाची वाटी ठेवली होती. ते बरं होईपर्यंत ते तेल आपणहून पीत राहिलं आणि बरं झाल्यावर त्यानं ते सोडून दिलं.

ताई : बघा! मी काय म्हणत होते? लेकराला कळतं.

गुरुजी : थांबा. त्या ३४ वाट्यांत काय होतं?

गुरुजींनी बरोबर तिथेच बोट ठेवलं. गोष्टीचा दुसरा अर्धा भाग तोच आहे. त्या ३४ पदार्थांत साखर नव्हती, मैदा नव्हता, तळलेलं नव्हतं, डब्यातलं काही नव्हतं. दूध, अंडी, मांस, मासे, धान्य, भाज्या, फळं, सगळं साधं शिजवलेलं किंवा कच्चं. डेव्हिसबाईंनी स्वतःच १९३९ मध्ये सांगून टाकलं की प्रयोगातली खरी खुबी त्या पदार्थांच्या यादीतच होती. काय निवडायचं ते बाळानं ठरवलं हे खरं, पण निवडायला काय असेल ते आधीच मोठ्यांनी ठरवलेलं होतं.

गुरुजी : म्हणजे मीच बरोबर. मोठ्यांनीच ठरवायचं.

ताई : काय मांडायचं ते मोठ्यांनी. किती खायचं ते त्यानं. तुम्ही उलटं करता गुरुजी! काय खायचं ते त्याच्यावर सोडता, म्हणून पाकीट येतं. आणि किती खायचं ते स्वतः ठरवता, म्हणून मागे फिरावं लागतं.

भांडण इथेच मिटायला हवं होतं. माझ्या मते या विषयातलं महत्त्वाचं वाक्य ताई बोलून गेल्या होत्या. पण गुरुजींनी आयुष्यभर वर्ग सांभाळलेला. वाक्य कितीही चांगलं असलं तरी त्यांना उदाहरण हवं असतं.

गुरुजी : समजा, मी मुंगण्याच्या (शेवग्याच्या) पाल्याची भाजी मांडली. त्यानं थुंकली. मग?

ताई : मग परवा परत मांडायची. बोटाच्या पेराएवढी. खाल्ली तर ठीक, नाही तर काही बोलायचं नाही. नवी चव आहे, जिभेला ओळख व्हायला वेळ लागतो. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा. बाया दोनदा करून बघतात आणि म्हणतात, याला भाजी आवडतच नाही. आणि मी अजून एक करते. न खाणाऱ्याला खाणाऱ्यांच्या मधे बसवते. पंगतीत दोन्हीकडचे चाटून-पुसून खाताना दिसले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी याचा हात जातो. तुमचा नातू घरी एकटा जेवतो, म्हणून त्याचं कौतुक चालतं.

ताईंना हे कामातून कळलं आहे. लिअन बर्च या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हेच अमेरिकेतल्या बालवाड्यांत मोजून पाहिलं. १९८० च्या त्यांच्या अभ्यासात एक भाजी नाकारणाऱ्या मुलांना ती आवडीनं खाणाऱ्या मुलांबरोबर जेवायला बसवलं, तर काही दिवसांत तीच मुलं ती भाजी निवडू लागली. २००६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सुपाचा प्रयोग केला. एका सुपाच्या वेळी मुलांना ‘संपव, संपव’ म्हणत राहायचं, दुसऱ्याच्या वेळी काही बोलायचं नाही. ज्याचा आग्रह झाला ते सूप मुलांनी कमी प्यायलं, वर त्याला नावं जास्त ठेवली. आपल्याकडे आग्रह हा पाहुणचाराचा भाग, त्यामुळे हा निकाल पचायला जड जातो. पण पाहुणा उठून घरी जातो. लेकरू त्याच पंगतीत रोज बसणार असतं.

पंगतीत बसवायचं हे सरकारनं शोधलेलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हाच लेकरं जिथे असतात त्या अंगणात शाळा नेली आणि हात धुण्यापासून खाण्यापर्यंत सगळं शिकवण्यातच धरलं. अंगणवाड्या जिच्यातून चालतात ती एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली ती २ ऑक्टोबर १९७५ ला. महाराष्ट्रात तिच्या सुरुवातीच्या ठिकाणांत मेळघाटातलं धारणी होतं. आज कागदावर असं आहे की तीन ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीत गरम ताजा आहार द्यायचा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात त्यातून ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरलं होतं. त्याला पैसे किती, तर २०१७ मध्ये ठरवून दिलेला दर एका लेकराला दिवसाला ८ रुपये. समोरच्या दुकानातली दोन पाकिटं १० रुपयांची होतात.

ताई : आठ रुपयांत मी अंडं कुठून देऊ? अंड्यालाच सहा-सात लागतात. आदिवासी भागात अमृत आहार योजनेत अंडं किंवा केळी मिळतात. तिथल्या बाया सांगतात, अंड्याच्या दिवशी पट भरलेला असतो.

गुरुजी : अंड्याचं माझ्यासमोर काढू नका. आमच्या घरी चालत नाही.

ताई : तुमच्या घरी नाही चालत, तर तुमच्या नातवाला केळ. पण ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांच्या लेकरांनी काय पाप केलं? त्या घरची अंडी आठवडी बाजारात जातात आणि त्या पैशाची पाकिटं येतात. शाळेच्या पोषण आहारात २०२३ च्या शेवटी अंडं आलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्याचे पैसे बंद केले. लोकवर्गणीतून द्या म्हणाले. त्यासाठी वर्गणी कोण देतं?

गुरुजींचा इथे कोंडमारा झालेला दिसला. माळकरी माणूस, पण वर्गात उपाशी पोरं पाहिलेला. थोड्या वेळानं ते म्हणाले, ‘दुसऱ्याच्या ताटातलं मी काढत नाही.’ एवढ्यावर ताईंनी समाधान मानलं. मी मानलं नसतं. राज्यात शाळेतल्या अंड्याला होणारा विरोध सगळ्यांच्याच ताटातलं काढण्यासाठी चालतो, आणि गुरुजींसारखी माणसं त्या वेळी गप्प बसतात.

मासळीचं बोलणं मात्र दोघांनी टाळलं, ते मी पुरं करतो. हा तलावांचा जिल्हा आहे. कोहळी समाजानं बांधलेले जुने मालगुजारी तलाव, ज्यांना आता मामा तलाव म्हणतात, ते नुसते धानाला पाणी देत नव्हते. त्यांतले झिंगे आणि बारीक गावठी मासोळ्या, कडेची कमळकंदं, शिंगाडे, पावसाळ्याच्या तोंडाला उगवणारा तरोटा, पातूर आणि माठ, बांधावरची तूर, या सगळ्यांतून लेकराचं ताट भरत होतं. त्यातलं पुष्कळसं फुकट होतं. तलाव गाळानं आणि बेशरमाच्या झुडपांनी भरले, ठेक्यात मोठी विकाऊ मासळी आली, आणि काट्यासकट खायची ती बारीक मासोळी कमी झाली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ढिवर समाजाबरोबर या भागातल्या तलावांत देशी मासे आणि पाणवनस्पती परत आणायचं काम करतं. तसं कोणी म्हणत नाही, पण मला ते लहान मुलांच्या जेवणाचंच काम वाटतं. डेव्हिसबाईंच्या भाषेत सांगायचं तर गावाची यादी तलावात ठरत होती, आता ती दुकानात ठरते.

गुरुजी : दुकानाचं म्हणाल तर चूक आयांची आहे. पाच रुपये हातावर टेकवतात आणि मोकळ्या होतात.

ताई : मोकळ्या? रोवणीच्या दिवसांत सकाळी सहाला बांधीत वाकतात त्या, संध्याकाळी अंधारात येतात. लेकरू आजीजवळ. रडलं तर आजी काय करेल? ते पाच रुपये देऊन आई सांगते की मी येते संध्याकाळी. तिला नावं ठेवू नका. आणि तुम्ही तर घरीच असता गुरुजी, तरी पाकीट घेता! तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन दारात आली, तेव्हा बोजारा म्हणून तुम्ही काय दिलं?

गुरुजी : ...चॉकलेट.

ताई : गूळ-फुटाणे का नाही?

गुरुजी : दुकानात फुटाणे नव्हते.

ताई : नसतातच. पाकिटवाल्याची गाडी दर आठवड्याला दुकानाच्या दारात येते, माळ लटकवून जाते, उरलेलं बदलून देते. फुटाणेवाल्याची गाडी येत नाही. मुरमुरा आपल्याच धानाचा, तोही लाखनीहून आणावा लागतो. दुकानदार कशाला फिरेल?

गुरुजी : कायदा आहे त्याला. २०२० चा. जास्त मीठ, साखर, तेलाचे पदार्थ शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकता येत नाहीत.

ताई : समोरचं दुकान किती मीटर आहे?

गुरुजींनी रस्त्याकडे पाहिलं. पंधरा असेल.

ताई : मग मांडा ना ग्रामसभेत. बंद करा म्हणू नका, त्याचंही पोट आहे. माळेच्या जागी फुटाणे, मुरमुरे, फल्लीची चिक्की, उकडलेल्या शेंगा ठेव म्हणा. आपला बचत गट करून देईल. सकाळी दहापर्यंत माळ आत ठेव म्हणा. एवढं झालं तरी माझी खिचडी खपेल.

गुरुजी : ग्रामसभा २ ऑक्टोबरला आहे. पण दुकान सरपंचबाईंच्या दिराचं आहे, हे ठाऊक आहे ना तुम्हाला?

ताई : ठाऊक आहे जी. म्हणूनच तर तुम्हाला सांगते. तुमची पेन्शन कोण बंद करणार? मी मानधनावरची बाई.